विस्मृत पापाची वसुली

रोनाल्ड नॉक्स हे रोमन कॅथलिक पंथाचे धर्मोपदेशक होते आणि फावल्या वेळी गुप्तहेरकथा लिहीत असत. 1929 साली त्यांनी या कथाप्रकारासाठी दहा नियम घालून दिले, आणि त्यांतील दुसरा नियम असा की, कोणत्याही अतिमानुष शक्तीला कथेत मुळीच थारा असता कामा नये. ज्या गृहस्थाचा सैतानाच्या अस्तित्वावर धर्माज्ञेनेच विश्वास होता, आणि वेदीपुढे उभे राहून भाकरीचे ईश्वरदेहात रूपांतर होते असे जो नित्य मानीत होता, त्यानेच सैतानाला कथेच्या उंबऱ्याबाहेर थोपवावे, यात वरवर पाहता विसंगती दिसते. परंतु थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, नॉक्स यांना चिंता होती ती धर्माची नव्हे, पुराव्याची. खून जर पिशाच्चाने केला असेल, तर साक्षीदारांच्या जबान्या, जागेचा पंचनामा, जप्त केलेला मुद्देमाल, घड्याळातील वेळ आणि चिखलातील पाऊल यांना काडीइतकीही किंमत उरत नाही, आणि बुद्धीच्या बळावर शेवटपर्यंत पोहोचू पाहणारा वाचक फसवला जातो. मराठी वाचकाला हा भेद नियमावाचूनच कळलेला होता. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि नारायण धारपांचे समर्थ एकाच वाचनालयात सुखाने नांदले, पण एकमेकांच्या कपाटात कधी शिरले नाहीत.

हा नियम मोडणारे पुष्कळ झाले, आणि त्यांतील बहुतेकांना त्याची शिक्षाही मिळाली, म्हणजे त्यांची पुस्तके विसरली गेली. परंतु विल्यम ह्यॉर्ट्सबर्ग या अमेरिकन लेखकाने 1978 साली प्रसिद्ध केलेली ‘फॉलिंग एंजल’ ही कादंबरी मात्र नियम मोडूनही टिकली, इतकेच नव्हे तर तो मोडल्यामुळेच तिला एका गंभीर तात्त्विक प्रश्नाला हात घालता आला, असे मला वाटते. रहस्यकथेचे रहस्य फोडणे हा टीकाकाराच्या हातून घडणारा अत्यंत हीन अपराध होय, हे मी जाणतो. तथापि या कादंबरीचा प्रश्न तिच्या रहस्याच्या गाभ्यातच दडलेला असल्यामुळे तो अपराध केल्यावाचून पुढे जाता येत नाही, आणि ज्यांना ती वाचावयाची असेल त्यांनी हा निबंध येथेच मिटून ठेवावा, हे उत्तम.

कथा 1959 सालच्या न्यूयॉर्कमधील आहे. टाइम्स स्क्वेअरच्या परिसरात कचेरी थाटून बसलेल्या हॅरी एंजल नावाच्या खाजगी गुप्तहेराला लुई सायफर नावाचा एक श्रीमंत, सभ्य आणि किंचित उपरोधिक परदेशी गृहस्थ काम देतो, ते असे की, युद्धापूर्वी लोकप्रियतेच्या शिखरावर असलेला जॉनी फेव्हरिट नावाचा गायक, जो युद्धात जखमी होऊन स्मृती गमावून बसला आणि पकीप्सी गावच्या एका रुग्णालयात पडून असल्याचे सांगितले जाते, तो जिवंत आहे की मेला एवढे शोधून काढावे. कारण त्याच्याशी सायफरचा एक जुना करार झालेला असून त्यातील तारण अद्याप हाती यावयाचे आहे. एंजल कामाला लागतो. रुग्णालयातील नोंदी खोट्या असल्याचे त्याला कळते. ज्या डॉक्टरने त्या केल्या तो मरतो, ज्या वादकाने जॉनीला ओळखले तो मरतो, जिने जॉनीवर प्रेम केले ती ज्योतिषी स्त्री मरते, आणि प्रत्येक प्रेताची विटंबना आधीच्याहून भयंकर असते. अखेरीस जॉनीने कीर्तीसाठी आपला आत्मा सैतानाला विकला होता, आणि पुढे तो करार बुडविण्याकरिता एका अनोळखी तरुण सैनिकाला फसवून आणून त्याचा बळी दिला, त्याचे हृदय भक्षण केले आणि त्याची ओळख स्वतःच्या अंगावर चढविली, असे निष्पन्न होते. आणि त्या अभागी सैनिकाची ओळखपट्टी एका बंद भांड्यातून बाहेर निघते तेव्हा तिच्यावर नाव असते एंजल याचे. ज्याचा शोध चालला होता तो आणि शोध करणारा हे एकच. सायफर कोण हे चाणाक्ष वाचकाने त्याच्या नावाच्या उच्चारावरूनच ताडलेले असते. एंजलने मात्र ते ताडलेले नसते.

या कादंबरीतील रक्तपात मला अनावश्यक वाटतो, आणि हार्लेममधील वूडू उपासनेचे जे चित्र तीत येते ते भडक आहे. पश्चिम आफ्रिकेतून गुलामगिरीच्या जहाजांतून हैतीला गेलेला आणि तेथे कॅथलिक संतांशी गाठ घालून जगलेला हा धर्म म्हणजे केवळ कोंबड्यांची मुंडी मुरगाळणे नव्हे. परंतु लेखकाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. हार्लेममधील गरीब, कृष्णवर्णी उपासक येथे भीतिदायक दिसत असले तरी खरा अभिचार करणारे लोक श्रीमंत व गोरे आहेत. त्यांतील एक तर जहाजांच्या धंद्यातील गडगंज असामी आहे, आणि सायफर एंजलला जेथे प्रथम भेटतो ती जागा फिफ्थ अॅव्हेन्यूवरील 666 क्रमांकाच्या इमारतीत आहे, जी त्या काळी त्या शहरात त्याच क्रमांकाने प्रत्यक्ष उभी होती.

आता प्रश्न असा की, जॉनी फेव्हरिटने केलेल्या पापाचे उत्तर हॅरी एंजलने का द्यावे? त्याला ते आठवत नाही. आठवत नाही एवढेच नव्हे, तर तो आपल्यापरीने सरळ, थोडासा फटकळ, पोटापुरते मिळवणारा आणि कोणाच्या वाटेस न जाणारा मनुष्य आहे, आणि जॉनीची हकीकत जसजशी उलगडत जाते तसतशी त्याला त्या गायकाची किळसच येत जाते. ज्याच्या दुष्कृत्यांची स्वतःला किळस येते त्याच्याच नावाने आपल्यावर हुकूमनामा बजावला जावा, ही अवस्था न्यायाची आहे की क्रूर विनोदाची?

पाश्चात्त्य विचारात या प्रश्नाची सुस्पष्ट मांडणी जॉन लॉक याने केली. आपल्या प्रसिद्ध ग्रंथाच्या 1694 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत त्याने व्यक्तीच्या एकत्वावर एक नवे प्रकरण घातले, आणि त्यात असे प्रतिपादिले की, व्यक्तीचे एकत्व देहात नाही आणि आत्मा नावाच्या अज्ञात द्रव्यातही नाही, ते आहे जाणिवेत. ज्या कृत्यापर्यंत माझी जाणीव मागे पोहोचते तेवढेच कृत्य माझे. दारूच्या अमलाखाली केलेल्या गुन्ह्याबद्दल मनुष्याला सरकार शिक्षा करते, हे त्याला ठाऊक होते. पण त्याचे म्हणणे असे की, आरोपीला खरोखरच आठवत नाही हे सिद्ध करण्याचे साधन मानवी न्यायाधीशाजवळ नसल्यामुळे तो तसे करतो, आणि अंतिम न्यायाच्या दिवशी, जेव्हा सर्वांच्या अंतःकरणातील गुपिते उघडी होतील, तेव्हा ज्या गोष्टीची ज्याला काहीच खबर नाही तिचा जाब त्याला विचारला जाणार नाही. लॉकच्या न्यायासनापुढे एंजल निर्दोष सुटेल. ह्यॉर्ट्सबर्गच्या कादंबरीत त्या न्यायासनाचा पत्ताच नाही. तेथे सैतान येतो, पण ईश्वर येत नाही, आणि ही अनुपस्थिती मला त्या पुस्तकातील सर्वांत भयप्रद गोष्ट वाटते.

आपल्याकडील वाचकाची स्थिती मात्र निराळी आहे, कारण ज्या प्रसंगाने अमेरिकन वाचकाच्या अंगावर शहारा येतो तोच प्रसंग कर्मसिद्धान्ताने आपल्या प्रत्येकाच्या बाबतीत नित्याचा म्हणून मान्य केलेला आहे. मागील जन्मी कोणी काय केले हे कोणालाही आठवत नाही, आणि तरीही त्याचे फळ चुकत नाही. अर्जुनाला भगवान स्पष्टच सांगतात की तुझे-माझे अनेक जन्म झाले, ते मला ठाऊक आहेत, तुला नाहीत. गर्भोपनिषदात तर नवव्या महिन्यात गर्भाला पूर्वजन्मांचे स्मरण होते आणि जन्मताच बाहेरच्या वायूच्या स्पर्शाने ते नष्ट होते, असे वर्णन आहे. चित्रगुप्ताच्या दप्तरात नोंद आहे, ज्याच्या नावे नोंद आहे त्याला मात्र आपल्या खात्याचा पत्ता नाही, अशी ही व्यवस्था. नैयायिकांनी तिच्या समर्थनार्थ जो युक्तिवाद केला तो मोठा तर्कशुद्ध आहे: आत्मा नित्य मानला नाही तर केलेले कर्म फळ न देताच नाश पावेल आणि न केलेल्या कर्माचे फळ भलत्याच्याच वाट्याला येईल, म्हणजे कृतहान आणि अकृताभ्यागम असे दोन दोष उपस्थित होतील. यात स्मृतीला जागाच नाही. कर्ता आणि भोक्ता एक असला म्हणजे पुरे, त्या एकत्वाची त्याला स्वतःला ओळख पटली पाहिजे असे बंधन नाही. बौद्धांनी नित्य आत्माच नाकारला, तरी फळ नाकारले नाही. आंबे चोरणारा जर म्हणेल की मालकाने लावले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे, तर राजाने त्याला सोडावे काय, असा प्रतिप्रश्न नागसेनाने मिलिंद राजाला केला, आणि त्या चतुर यवन राजाला तो पटला.

मला तो पुरता पटत नाही. आंबे चोरणाऱ्याला आपण आंबे चोरले हे पक्के ठाऊक आहे. तो लबाडी करतो आहे, विसरलेला नाही.

आपल्या परंपरेत हा असंतोष कोणी बोलून दाखविला नाही असे मात्र समजू नये. महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषीची कथा आहे, ती मला या विषयावरील कोणत्याही तत्त्वज्ञाच्या ग्रंथापेक्षा अधिक मोलाची वाटते, आणि गुन्हेगारी कथा म्हणूनही तिची रचना निर्दोष आहे. मांडव्य मौनव्रत धारण करून, हात वर करून आश्रमाच्या दारी वृक्षाखाली उभा असता, शिपायांनी पाठलाग चालविलेले चोर चोरीच्या मालासकट त्याच्या आश्रमात शिरून लपतात. शिपाई येऊन विचारतात, चोर कोणत्या वाटेने गेले. मुनी मौन सोडत नाही. झडती होते, माल सापडतो, चोर सापडतात, आणि ज्या माणसाने विचारल्या प्रश्नाला उत्तर दिले नाही तो साथीदार असलाच पाहिजे, या अनुमानाने राजा त्यालाही सुळावर चढविण्याचा हुकूम देतो. परिस्थितिजन्य पुराव्यावर झालेली ही चुकीची सजा होय. मुनी सुळावरही मरत नाही. राजाला आपली चूक कळते, तो पाया पडतो, सूळ काढू पाहतो, पण तो निघत नाही म्हणून तोडून टाकावा लागतो, आणि त्याचे टोक शरीरात तसेच राहिल्यामुळे मुनीला पुढे अणीमांडव्य म्हणू लागले.

येथे कथा संपती, तर ती राजाच्या निष्काळजीपणाची गोष्ट झाली असती. परंतु मांडव्य राजाला दोष देत बसत नाही; तो खुद्द धर्माच्या सदनात जातो आणि विचारतो की, माझ्या हातून नकळत असे कोणते दुष्कृत्य घडले की ज्याचे हे फळ मला मिळाले. दप्तर उघडले जाते. धर्म सांगतो की तू लहानपणी कीटकांच्या पुच्छांत गवताची काडी खुपसली होतीस, त्याचे हे फळ. यावर मुनी जे करतो ते आपल्या संपूर्ण पुराणवाङ्मयात अपूर्व आहे: तो आपली चूक मान्य करून गप्प बसत नाही, तर अपराध अल्प आणि दंड प्रचंड या कारणावरून दंड देणाऱ्यालाच दोषी ठरवितो, त्याला शूद्रयोनीत जन्म घेण्याचा शाप देतो, आणि वर अशी मर्यादा घालून देतो की, चौदा वर्षे वयापर्यंत घडलेले कृत्य यापुढे पातक गणले जाणार नाही. तो शाप भोगण्यासाठी धर्म विदुर होऊन दासीच्या पोटी आला. (त्या काळच्या समाजाने शूद्रजन्म हीच शिक्षा मानावी, यातील अन्याय मांडव्याच्याही लक्षात आला नाही, ही गोष्ट वेगळी, न्यायाची दृष्टी कोठे कोठे पोहोचते आणि कोठे अडखळते याचा तो एक नमुनाच आहे.)

मांडव्याने घातलेल्या मर्यादेचा विचार करा. ज्या बालकाने काडी खुपसली ते आणि सुळावर चढलेला तपस्वी हे एकाच देहातील, एकाच जन्मातील. त्यांच्या एकत्वाविषयी कोणाचाही वाद नाही, मांडव्याचाही नाही. तरीसुद्धा ते बालक या वृद्धाहून इतके दूर पडलेले आहे की त्याच्या कृत्याचा बोजा याच्यावर टाकणे अन्याय होय, हे महाभारताने प्रत्यक्ष धर्माच्या तोंडावर सांगून टाकले. मग ज्याच्या आणि माझ्या मध्ये एक संपूर्ण मरण आणि एक संपूर्ण विस्मरण पडले आहे, त्या पूर्वजन्मीच्या मनुष्याविषयी काय म्हणावे? मांडव्य हा प्रश्न विचारीत नाही; पण त्याने उघडलेल्या दारातून तो आत आल्यावाचून राहत नाही.

दुसरी कथा शंकराचार्यांच्या चरित्रातील. मंडनमिश्रांच्या विदुषी पत्नीने कामशास्त्रावर विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मिळविण्यासाठी आचार्यांनी अमरुक नावाच्या मृत राजाच्या देहात प्रवेश केला, तेथे ते स्वतःला विसरून गेले, आणि शिष्यांनी दरबारात येऊन गाण्यातून आठवण करून दिली तेव्हा परत आले. हॅरी एंजलचीच ही कथा, एक सात्त्विक आणि दुसरी तामस इतकाच भेद. एकाने मेलेल्याचे शरीर उसने घेतले, दुसऱ्याने जिवंताचे हृदय काढून घेतले. पुढे काश्मीरात सर्वज्ञपीठावर आरोहण करताना शारदेने आचार्यांच्या शुद्धतेविषयी शंका घेतली, आणि माधवाच्या नावावर असलेल्या ‘शंकरदिग्विजया’त त्यांनी दिलेले उत्तर असे की, या देहाने मी कोणतेही पातक केलेले नाही, आणि अन्य देहाच्या आश्रयाने जे घडले त्याचा लेप या देहाला लागत नाही. शारदा संतुष्ट झाली. मला वाटते, ती फार लवकर संतुष्ट झाली. कारण हे उत्तर शब्दशः खरे मानले तर पूर्वदेहाच्या कर्माचा लेप उत्तरदेहाला लागतो हा सिद्धान्तच कोसळतो, आणि खरे मानले नाही तर आचार्यांना पीठावर बसता येत नाही. भक्तांनी लिहिलेल्या चरित्रात अशी फट राहून गेली, यावरून हेच दिसते की, देह बदलला म्हणजे हिशेबही मिटावा, ही इच्छा कर्मवादी माणसाच्याही अंतःकरणात किती खोल रुजलेली असते.

येथवर आल्यावर मला ह्यॉर्ट्सबर्गच्या सैतानाकडे परत जावेसे वाटते, कारण त्याच्या वागण्यात एक प्रामाणिकपणा आहे, जो कर्माच्या लौकिक व्याख्यानात सहसा आढळत नाही. सायफर एंजलला पापी म्हणून शिक्षा करावयास आलेला नाही. जॉनीने केलेल्या नरबळीशी त्याला काही कर्तव्य नाही. त्या सैनिकाच्या मरणाचे त्याला दुःख नाही. त्याचा दावा दिवाणी आहे. एक खत झालेले आहे, मोबदला पोचलेला आहे, मुदत भरलेली आहे, आणि ऋणकोने आपली मिळकत दुसऱ्याच्या नावावर बेनामी करून ठेवली म्हणून धनकोचा हक्क बुडत नाही. दिवाणी दाव्यात ऋणकोला देणे आठवते की नाही हा मुद्दाच गैरलागू असतो. बापाने काढलेल्या कर्जाची मुलाला गंधवार्ता नसली तरी वारशाने आलेल्या जमिनीवर जप्ती येते, आणि त्यात कोणी मुलाला गुन्हेगार म्हणत नाही. फौजदारीचे तसे नाही. तेथे आरोपीपुढे आरोप वाचून दाखवावा लागतो, त्याचे म्हणणे विचारावे लागते, तो भानावर नसेल तर खटला थांबवावा लागतो. सात वर्षांखालील बालकाचे कोणतेही कृत्य अपराध नव्हे, असे 1860 सालच्या भारतीय दंडसंहितेने ठरविले, तेव्हा तिने मांडव्याच्याच बाजूने, पण त्याच्याहून हात आखडून, निकाल दिला. दंड हा मनुष्याला उद्देशून असतो, वसुली ही मिळकतीवर असते. पूर्वजन्मीचे देणे फिटत आहे असे कोणी म्हणाले तर मी ते समजू शकतो, कदाचित मानूही शकतो. विस्तवाने हात भाजतो तसे जगात कारणामागे कार्य येते, एवढाच त्याचा अर्थ. परंतु जन्मतः अंध असलेल्या मुलाकडे बोट दाखवून हे त्याच्या पापाचे शासन आहे असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा दिवाणी दाव्याच्या कागदांवर फौजदारी निकाल लिहिला जातो, आणि तो लिहिणाऱ्याला मांडव्याच्या शापाचे भय वाटावयास हवे.

एंजलच्या दुर्दैवाची कमाल अशी की, कादंबरीच्या अखेरीस त्याला या दोन्ही न्यायासनांपुढे एकाच वेळी उभे राहावे लागते. इकडे सायफरची वसुली पुरी होते आणि तिकडे त्याच्या राहत्या खोलीत, त्याला प्रिय झालेल्या तरुणीच्या प्रेताजवळ पोलीस त्याची वाट पाहत असतात. मधले सारे खून कोणाच्या हातून झाले, सैतानाच्या, की एंजलच्या आत पुन्हा जागा होत असलेल्या जॉनीच्या, याचा निर्णय कादंबरी निःसंदिग्धपणे देत नाही, आणि नॉक्स यांचा नियम मोडल्याची किंमत तिने येथे चुकती केली आहे. पण त्या संदिग्धतेमुळेच एंजल आपल्याला शेवटपर्यंत परका वाटत नाही. या आधी अडीच हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक नाटकातही ईडिपस राजानेच खुन्याचा तपास चालवावा आणि खुनी तोच निघावा, असे घडले होते. मात्र सोफोक्लीझने वृद्धापकाळी लिहिलेल्या कोलोनसवरील नाटकात त्याच ईडिपसला बोलण्याची संधी दिली, आणि तो म्हातारा, आंधळा राजा तेथे निक्षून सांगतो की मी जे केले ते अजाणतेपणी केले, म्हणून मी पापी नव्हे. मांडव्याला धर्माचे सदन होते, ईडिपसला कोलोनसचे ग्रामस्थ होते. एंजलला ऐकून घेणारे कोणी नाही, तक्रार करावी तर ती ज्याच्याविरुद्ध करावयाची त्याच्याखेरीज दुसरा अधिकारी त्या जगात नेमलेलाच नाही.

अॅलन पार्कर यांनी 1987 साली या कादंबरीवरून ‘एंजल हार्ट’ हा चित्रपट काढला, तेव्हा त्यांनी कथेचा बराचसा भाग न्यूयॉर्कहून न्यू ऑर्लिन्सला नेला, ही सर्वांच्या डोळ्यांत भरणारी गोष्ट. तिच्याहून महत्त्वाचा बदल असा की, चित्रपटात सर्व खून एंजलच्याच हातांनी, त्याच्या नकळत झालेले दाखविले, आणि आरशापुढे तो आपण कोण आहोत हे आपल्याला ठाऊक असल्याचे ओरडून ओरडून सांगत असता त्या खुनांची दृश्ये त्याच्या डोळ्यांपुढून सरकविली. पोलीस अधिकारी त्याला मरणाची शिक्षा ठरलेलीच असल्याचे बजावतो, तेव्हा ते आपल्याला कळून चुकले आहे अशा अर्थाचे उत्तर तो शांतपणे देतो. प्रेक्षकाचे समाधान व्हावे म्हणून आरोपीने कबुली द्यावी लागते, हे नाट्यदृष्ट्या मी समजू शकतो. पण त्या कबुलीने सैतानाचा दिवाणी दावा गुपचूप फौजदारी करून टाकला, आणि ज्या माणसाला आपल्या पापाची ओळखच पटलेली नव्हती त्याच्याकडून, खेळ संपण्यापूर्वी, त्या पापावर घाईघाईने सही करून घेतली. कादंबरीतील एंजलने अशी सही केलेली नाही.